आत्महत्या आणि खुनांचे राष्ट्रीय आकडे: दर काढायचा कसा, वाचायचा कसा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, अहवाल आला की ठरलेला मथळा येतो: आत्महत्यांत महाराष्ट्र देशात पहिला. 2022 साली हे खरंच होतं. राज्यात 22,746 मृत्यू नोंदले गेले. दुसऱ्या क्रमांकावर तमिळनाडू, 19,834. पण त्याच अहवालात लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं, तर लाखामागे 43.1 मृत्यूंसह सिक्कीम सर्वांत वर होतं आणि महाराष्ट्र 18.1 वर. देशाचा दर 12.4. दोन्ही विधानं बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. संख्या सांगते की मदत किती घरांपर्यंत पोहोचवायची आहे. दर सांगतो की धोका कुठे दाट आहे. या दोहोंची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं.

हे मार्गदर्शन नव्याने या विषयाकडे वळणाऱ्या पत्रकारांसाठी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि तालुका-जिल्हा पातळीवर आरोग्याचं काम करणाऱ्यांसाठी आहे. साहित्य थोडंच लागतं: एनसीआरबीचे ‘अपघाती मृत्यू आणि आत्महत्या’ व ‘भारतातील गुन्हे’ हे दोन वार्षिक अहवाल, एक स्प्रेडशीट आणि तळटिपा वाचण्याची चिकाटी. विषय जड आहे. काम करताना मन घेरलं किंवा ओळखीच्या कुणाची काळजी वाटली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पायरी 1: काय मोजायचं ते आधी लिहून काढा

‘हेतुपुरस्सर इजेने झालेले मृत्यू’ यात मुख्यतः दोन गट येतात: स्वतःला केलेली इजा आणि दुसऱ्याने केलेला हल्ला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पहिल्या गटाचे संकेतांक एक्स 60 ते एक्स 84 आणि दुसऱ्याचे एक्स 85 ते वाय 09 असे आहेत. त्यानंतरचा वाय 10 ते वाय 34 हा पट्टा नवख्यांच्या नजरेतून सुटतो. हेतू ठरवता आला नाही, असे मृत्यू तिथे जातात. एखाद्या देशात किंवा राज्यात हा पट्टा फुगलेला दिसला, तर तिथला आत्महत्येचा दर खरोखर कमी आहे की निर्णयच टाळले गेले आहेत, हे तपासावं लागतं.

पोलिसी नोंदीत हे संकेतांक नसतात, कायद्याची कलमं असतात. खून एका रकान्यात, हुंडाबळी दुसऱ्या, सदोष मनुष्यवध तिसऱ्या. 2022 साली देशात खुनाचे 28,522 गुन्हे नोंदले गेले आणि हुंडाबळीचे 6,450. ‘हिंसेने झालेले मृत्यू’ म्हणून फक्त खुनाचा रकाना उचलला, तर इतक्या बायका हिशेबातून गळतात. मात्र हुंडाबळीच्या रकान्यात काही मृत्यू आत्महत्येचेही असतात, कारण कलम छळाकडे पाहतं, मृत्यूच्या प्रकाराकडे नव्हे. म्हणून तीन आकड्यांची डोळे मिटून बेरीज करू नका. तीन ओळी वेगळ्या ठेवा आणि कोणती ओळ वापरली ते लिहा.

इथेच आणखी एक गोष्ट ठरवून टाका. ‘मुलांसह आत्महत्या’ असा मथळा आपल्याकडे सर्रास दिला जातो. अशा घटनेत लहान मुलं आत्महत्या करत नाहीत, ती मारली जातात. तुमच्या तक्त्यात आईचा किंवा बापाचा मृत्यू एका रकान्यात आणि मुलांचे मृत्यू दुसऱ्या रकान्यात गेले पाहिजेत.

पायरी 2: आकडा जिथे जन्मतो तिथपर्यंत मागे जा

दिल्लीत छापला जाणारा प्रत्येक आकडा कुठल्यातरी पोलीस ठाण्यातल्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीपासून सुरू होतो. खबर देणाऱ्याचं नाव, मयताचं नाव-वय-व्यवसाय, ठिकाण, वेळ. मग मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन आणि गरज पडल्यास व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवणं. व्हिसेरा राखला की डॉक्टरांचं अंतिम मत प्रयोगशाळेच्या अहवालावर थांबतं आणि तो यायला महिने लागू शकतात. तोवर नोंदीत ‘कारण प्रलंबित’. पूर्वी ही चौकशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली होत असे. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होते. जुन्या आणि नव्या कागदांत कलमं वेगळी दिसली म्हणून गोंधळू नका.

या साखळीत कुठेकुठे माणसाला निर्णय घ्यावा लागतो ते पाहा. पाण्यात बुडालेला माणूस पाय घसरून पडला, की आणखी काही? भाजलेल्या बाईच्या जबाबात ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असं आहे. ती खरं सांगते आहे, की सासरची माणसं खाटेपाशी उभी आहेत म्हणून असं सांगते आहे? 2001 सालासाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने भारतात आगीमुळे सुमारे 1 लाख 63 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. पोलिसी नोंदीच्या तो सहापट होता. त्यातले 1 लाख 6 हजार मृत्यू स्त्रियांचे, बहुतेक 15 ते 34 वयाच्या. ते सगळे अपघात होते असं मानायला मन धजत नाही, आणि ते सगळे खून किंवा आत्महत्या होत्या असं म्हणायला पुरावा नाही. या जागी तुमच्या लेखात ‘हेतू अनिश्चित’ हा शब्द हवा.

घरचे लोक खरं का लपवतात, हेही समजून घ्या. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली गुन्हा होता. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं, आणि नव्या न्याय संहितेत जुनं कलम त्या रूपात आलंच नाही. पण धाक कायद्यापेक्षा हळू जातो. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा मृत्यू झाला, तर दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते. त्या भीतीने कित्येक घरं ‘अपघात’ हाच शब्द धरून बसतात.

पायरी 3: दर स्वतः काढून पाहा

छापलेला दर जसाच्या तसा उचलू नका. एकदा तरी स्वतः काढा, म्हणजे भागिले काय केलं आहे ते कळतं. 2022 साठी:

मृत्यू 1,70,924. वर्षाच्या मध्याची अंदाजित लोकसंख्या 13,797.5 लाख. भागाकार 12.39, म्हणजे लाखामागे 12.4.

2019 साली मृत्यू 1,39,123 आणि दर 10.4 होता. तीन वर्षांत मृत्यूंची संख्या सुमारे 23 टक्क्यांनी वाढली, दर मात्र सुमारे 19 टक्क्यांनी. मधला फरक निव्वळ लोकसंख्यावाढीचा. ‘आत्महत्या 23 टक्क्यांनी वाढल्या’ हे वाक्य चूक नाही, पण त्यातले चार टक्के धोका वाढल्याचे नाहीत, माणसं वाढल्याचे आहेत.

लोकसंख्या हा या भागाकारातला सर्वांत अशक्त दुवा आहे. 2011 नंतर जनगणना झालेली नाही. पुढचे सगळे आकडे तज्ज्ञगटाने मांडलेले अंदाज आहेत. नवी जनगणना आली की मागचे दरही थोडे हलतील. म्हणून दशांशानंतर दोन-तीन अंक लिहिण्याचा मोह टाळा. एक अंक पुरतो.

शहरांच्या दरात तर मोठा खड्डा आहे. महानगरांच्या तक्त्यांत एनसीआरबी 2011 च्या जनगणनेचीच लोकसंख्या वापरत आली आहे. मुंबईसमोर 184.1 लाख आणि पुण्यासमोर 50.5 लाख दिसतात ते तेव्हाचे आकडे. वर्षागणिक मृत्यू वाढत जातात आणि भाजक तिथेच उभा, त्यामुळे शहराचा दर आपोआप चढताना दिसतो. शिवाय 184 लाख ही एकट्या मुंबई महापालिकेची लोकसंख्या नाही. ती ठाणे, नवी मुंबई, कल्याण धरून झालेल्या नागरी पट्ट्याची आहे. महापालिका हद्दीत 2011 साली सुमारे 124 लाख लोक होते. शहराचा दर छापण्याआधी वरचा आकडा आणि खालचा आकडा एकाच हद्दीचे आहेत का, हे पोलीस आयुक्तालयाचा नकाशा समोर ठेवून तपासा. तसं जुळत नसेल तर शहराचा फक्त आकडा द्या, दर देऊ नका.

पायरी 4: कल पाहताना सुरुवातीचं वर्ष कोणी निवडलं ते विचारा

आत्महत्येचे लाखामागचे राष्ट्रीय दर असे: 2010 मध्ये 11.4, 2013 मध्ये 11.0, 2015 मध्ये 10.6, 2017 मध्ये 9.9, 2019 मध्ये 10.4, 2020 मध्ये 11.3, 2021 मध्ये 12.0, 2022 मध्ये 12.4 आणि 2023 मध्ये 12.3.

2017 पासून 2022 पर्यंत मोजलं तर वाढ 25 टक्क्यांची. 2010 पासून मोजलं तर जेमतेम 9 टक्क्यांची. दोन्ही गणितं बरोबर आहेत. पहिल्यात तळाचं वर्ष धरलं आहे, दुसऱ्यात उंचीचं. प्रामाणिक मांडणी म्हणजे पूर्ण ओळ दाखवणं: आधी उतार, 2017 ला तळ, मग चढ, आणि 2020 पासूनचा चढ जास्त उभा. सरकारवर टीका करायची असो की सरकारची पाठराखण, एकच वर्ष निवडून काम भागवू नका.

खुनांची गोष्ट उलट्या दिशेने जाते आणि तिला बातमीत जागा मिळत नाही. 1992 साली देशात खुनाचे 40,105 गुन्हे होते, दर 4.6. 2022 साली 28,522, दर 2.1. तीस वर्षांत दर निम्म्याच्याही खाली आला. महाराष्ट्रात 2022 साली 2,295 गुन्हे होते, म्हणजे लाखामागे 1.8. उत्तर प्रदेशात गुन्हे सर्वाधिक, 3,491, पण दर महाराष्ट्रापेक्षाही कमी, सुमारे 1.5. दरात झारखंड 4.0 वर सर्वांत पुढे होतं. देशात खुनाच्या प्रत्येक गुन्ह्यामागे आज साधारण सहा आत्महत्या नोंदल्या जातात. आपली वर्तमानपत्रं वाचून कुणाला हे प्रमाण जाणवणार नाही.

खुनांबाबत दोन सावधगिऱ्या. ‘गुन्हे’ आणि ‘बळी’ या वेगळ्या गोष्टी आहेत: एका गुन्ह्यात तिघे मारले गेले तरी गुन्हा एकच. आत्महत्येच्या तक्त्यात मात्र माणसं मोजलेली असतात. तुलना करायची तर बळींचा रकाना शोधा. दुसरं, एका प्राथमिक खबरीत (एफआयआरमध्ये) अनेक कलमं असली तर सर्वांत गंभीर कलमाखालीच तो गुन्हा मोजला जातो. खून बहुधा वरच राहतो, पण त्याच्यासोबतचे इतर गुन्हे तक्त्यातून नाहीसे होतात.

पायरी 5: रकान्यांची व्याख्या बदलली का ते पाहा

याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. 2013 साली ‘स्वतः शेती करणारे’ या एकाच गटात 11,772 आत्महत्या दाखवल्या होत्या. 2014 चा अहवाल आला आणि शेतकऱ्यांचा आकडा 5,650 वर उतरला. संकट एका वर्षात अर्ध्यावर आलं? नाही. त्या वर्षापासून शेतमजुरांचा रकाना वेगळा झाला आणि त्यात 6,710 मृत्यू गेले. दोन्ही मिळून 12,360, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा जास्तच. 2013 आणि 2014 चे ‘शेतकरी’ हे आकडे एका आलेखात जोडणं ही चूक आहे. त्या जागी आलेखाची रेघ तोडून दाखवा.

2022 साली शेतीक्षेत्रातल्या आत्महत्या 11,290 होत्या: 5,207 शेतकरी आणि 6,083 शेतमजूर. यातल्या 4,248 महाराष्ट्रातल्या. त्याच वर्षी पश्चिम बंगाल, बिहार, ओडिशा यांनी शून्य कळवलं. इतक्या मोठ्या शेतकरी राज्यांत वर्षभरात एकही नाही, हे शून्य घटनेचं नसून नोंदीचं आहे, असंच धरून चाला.

महाराष्ट्रात याखेरीज तिसरा आकडा असतो, महसूल खात्याचा. कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत द्यायची की नाही यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रत्येक प्रकरण पाहते आणि ‘पात्र’, ‘अपात्र’, ‘चौकशीवर प्रलंबित’ असे शेरे पडतात. जमीन नावावर आहे का, कर्ज थकलं होतं का, तगादा होता का, हे निकष. बाई आयुष्यभर शेतात राबली पण सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, तर ती या यादीत बसत नाही. पोलिसी नोंदीत ती ‘गृहिणी’ होते. त्या रकान्यात 2022 साली 25,309 बायका होत्या, आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांच्या निम्म्याहून जास्त. यातल्या किती जणींचे हात मातीने भरलेले होते, ते तक्ता सांगत नाही. म्हणून आकडा देताना तो पोलिसांचा आहे की महसूल खात्याचा, आणि महसूलचा असेल तर एकूण प्रकरणांचा की फक्त पात्र ठरलेल्यांचा, हे त्याच वाक्यात लिहा.

‘कारण’ हा रकानाही असाच जपून वापरायचा. 2022 साली कौटुंबिक समस्या 31.7 टक्के आणि आजार 18.4 टक्के असं छापलं गेलं. तपास अधिकारी एका मृत्यूपुढे एकच कारण भरतो. कर्ज, दारू, आजार आणि घरातली भांडणं एकमेकांत गुंतलेली असतात. फॉर्ममध्ये त्यांतलं एकच उरतं. ‘कारणांमुळे झालेल्या आत्महत्या’ न लिहिता ‘पोलिसांनी नोंदवलेलं कारण’ असं लिहा.

पायरी 6: दुसऱ्या मोजपट्टीने तपासा

पोलिसी आकडा किती कमी पडतो, याचा अंदाज घ्यायला ‘दहा लाख मृत्यू अभ्यास’ उपयोगी पडतो. त्यात घरोघरी जाऊन नातेवाइकांना मृत्यूपूर्वीच्या घटना विचारल्या गेल्या आणि डॉक्टरांनी त्यावरून कारण ठरवलं. या पद्धतीला शाब्दिक शवचिकित्सा म्हणतात. 2010 साली 15 वर्षांवरच्या वयात सुमारे 1 लाख 87 हजार आत्महत्या झाल्याचा त्याचा अंदाज: 1 लाख 15 हजार पुरुष, 72 हजार स्त्रिया. त्या वर्षी पोलिसांकडे 1,34,599 होत्या: 87,180 पुरुष, 47,419 स्त्रिया.

आता भागाकार करा. अंदाजातल्या दर शंभर पुरुषांमागे पोलिसांकडे 76 पोहोचले, दर शंभर स्त्रियांमागे 66. त्यातही पोलिसांचा आकडा सर्व वयांचा आहे आणि अभ्यासाचा फक्त 15 च्या पुढचा, म्हणजे खरी तूट याहून मोठी. बाईचा मृत्यू कागदावरून जास्त सहज पुसला जातो, हे या दोन ओळींतून दिसतं. 2022 च्या पोलिसी आकड्यांत पुरुष 1,22,724 आणि स्त्रिया 48,172 आहेत. त्यावरून ‘आत्महत्या हा पुरुषांचा प्रश्न’ असं लिहिण्याआधी हे दोन भागाकार आठवा.

राज्याराज्यांची तुलनाही याच नजरेने करा. 2022 साली केरळचा दर 28.5 आणि बिहारचा 0.6. जवळजवळ पन्नासपट फरक. यात काही भाग खऱ्या धोक्याचा असेल, पण पोलीस ठाणं किती जवळ, मृत्यूचं वैद्यकीय प्रमाणपत्र किती जणांना मिळतं, हेही त्यात मिसळलं आहे. देशात 2020 साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त 22.5 टक्क्यांना वैद्यकीय कारण प्रमाणित झालेलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेचे दर वयानुसार प्रमाणित केलेले, म्हणजे सगळीकडे वयोगटांची विभागणी सारखीच धरून काढलेले असतात, एनसीआरबीचे नसतात. फरक असा: समजा दोन जिल्हे, प्रत्येकी 10 लाख लोक. दोन्हीकडे तरुणांत लाखामागे 20 आणि इतरांत 10 मृत्यू. पहिल्यात तरुण 4 लाख, तर एकूण मृत्यू 140, दर 14. दुसऱ्यात तरुण 2 लाख, तर मृत्यू 120, दर 12. धोका तंतोतंत सारखा, दर वेगळा. प्रमाणित दर आणि साधा दर एका तक्त्यात शेजारी ठेवू नका.

पायरी 7: लहान आकड्यांपुढे थांबा

तालुक्याची लोकसंख्या 2 लाख. गेल्या वर्षी 16 मृत्यू, यंदा 25. ‘56 टक्के वाढ’ असा मथळा तयार होतो. सोपी चाचणी करा: संख्येचं वर्गमूळ काढून दुप्पट करा आणि तेवढं इकडेतिकडे धरा. 16 चे 8 ते 24, 25 चे 15 ते 35. दोन्ही पट्टे एकमेकांवर येतात, म्हणजे एवढा चढउतार योगायोगानेही होऊ शकतो. अशा वेळी तीन-तीन वर्षांची सरासरी घ्या. सिक्कीमलाही हेच लागू: लोकसंख्या सातेक लाख, तिथे दहा मृत्यू कमी-जास्त झाले की दर दीड अंकाने हलतो, महाराष्ट्रात तेवढ्याने काहीच दिसत नाही. मात्र पंचवीस मृत्यू तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यासाठी पंचवीस घरं आहेत. संख्याशास्त्रात वाढ सिद्ध झाली नाही म्हणून त्या घरी जायचं थांबत नाही.

पायरी 8: लिहिताना

अहवाल उशिरा येतात. 2022 चा डिसेंबर 2023 मध्ये आला, 2023 चा सप्टेंबर 2025 मध्ये. ‘यंदा’ किंवा ‘सध्या’ हे शब्द न वापरता वर्ष लिहा. तळटीपही वाचा: ‘भारतातील गुन्हे’ 2019 मध्ये पश्चिम बंगालची माहिती वेळेत न आल्याने त्या राज्यासाठी 2018 चेच आकडे वापरले होते.

साधनं आणि पद्धती यांचा तपशील अहवालात असतो, तो बातमीत किंवा पोस्टमध्ये उतरवू नका. भारतीय प्रेस परिषदेने 2019 साली स्वीकारलेल्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: पद्धत नको, ठिकाण नको, भडक मथळा नको, मदतीचा क्रमांक हवा. पद्धतींचे आकडे धोरणासाठी लागतात, आणि तिथे त्यांनी जीव वाचवले आहेत. श्रीलंकेत सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि 1995 नंतरच्या दहा वर्षांत आत्महत्येचा दर जवळजवळ निम्म्यावर आला. भारताच्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने नोव्हेंबर 2022 मध्ये 2030 पर्यंत 10 टक्के घट हे लक्ष्य ठेवलं. ते गाठलं का, हे तपासताना पुन्हा पायरी 4 वर या.

शेवटी तुमच्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी पाच रकाने ठेवा: वर्ष, स्रोत, माणसं की गुन्हे, भाजक कोणता, तळटीप. सहा महिन्यांनी कुणी फोन करून ‘हा 18.1 कुठून आणला?’ असं विचारलं, तर उत्तर त्या ओळीतच असेल.